डाळ शिजणारं पाणी

इंदूबाई हसताना तोंडावर पदर घेते. तिच्या वयाच्या बायका पडलेले दात झाकायला पदर घेतात. इंदूबाई पासष्टीची आहे, तिचे सगळे दात जागेवर आहेत, कोवळ्या कणसाच्या दाण्यांसारखे एका ओळीत, पांढरे. तेच तिला झाकायचे असतात. घरात मुलाचे दात तपकिरी, शेजारच्या पोरांचे तपकिरी, शाळेत ज्यांना ती खिचडी वाढते त्या मुलांचेही तपकिरी. त्या सगळ्यांत आपलेच दात पांढरे असावेत याची तिला लाज वाटते. पूर्वी ती अशी नव्हती. धर्मपाल असताना तिचं हसणं वस्तीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचं.

राळेगाव तालुक्याच्या कडेला, पांढरकवड्याकडे जाताना, खैरकिन्ही लागतं. दारव्ह्याकडच्या माहेरातून इंदूबाई इथे लग्न होऊन आली तेव्हा अठरा वर्षांची होती. बौद्धांची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, बावीस घरांची. वस्तीला स्वतःचं पाणी नव्हतं. पाणी होतं वरच्या आळीतल्या किसनरावांच्या मळ्यातल्या विहिरीला, आणि त्या विहिरीच्या ओट्यावर वस्तीतल्या बायकांनी चढायचं नाही असा रिवाज होता. कुणी लिहून ठेवलेला नव्हता, तरी लहान पोरींनाही पाठ होता. खाली घागर मांडून उभं राहायचं. वरून कुणीतरी ओतायचं. त्या वर्षी किसनरावांच्या घरातही नवी सून आली होती, विमलताई. दोघी एका वयाच्या. विमलताई वरून बादली उपडी करायची, अर्धं पाणी घागरीत, अर्धं मातीत. ती काही दुष्ट नव्हती. सासूने दाखवलं तसं करत होती. इंदूबाईचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजायचं, आणि विमलताई म्हणायची, "सरक ना मांगं, शिंतोडे उडते."

धर्मपाल सातवी शिकलेला. दुसऱ्यांच्या शेतात मजुरी करायचा, पण अक्षर मोत्यासारखं. त्याने वस्तीसाठी हँडपंपाचा अर्ज लिहिला. मग त्या अर्जाचं स्मरणपत्र. मग स्मरणपत्राचं स्मरणपत्र. तीन वर्षं तो मजुरी बुडवून एसटीने राळेगावला जात राहिला. साहेब जागेवर नसायचे, किंवा साहेब बदलून गेलेले असायचे. शेवटी चौऱ्याण्णव साली उन्हाळ्यात बोअरची गाडी वस्तीत शिरली. दिवसभर जमीन थरथरत होती. संध्याकाळच्या आत आधी पांढरी माती उडाली, मग पाणी. पोरं त्या चिखलात लोळली. विहारात वंदना झाली आणि सगळ्यांच्या हातावर गूळ ठेवला गेला.

पाणी चांगलं की वाईट हे या भागातल्या बायका डाळीवरून ठरवतात. इथे तूर घरची. विहिरीच्या जड पाण्यात तुरीची डाळ तासन् तास रटरटत राहते, दाणा मोडत नाही, जळणाच्या काड्या संपतात. बोरिंगच्या पाण्याची पहिली घागर इंदूबाईने भरली आणि त्यात डाळ लावली. चूल नीट पेटली नाही तोच डाळ मेणासारखी मऊ. तिने वाटीत घेऊन ती घरोघर दाखवली.

"पाहा माय, घोटावं बी लागलं नाई. असं पानी साऱ्या तालुक्यात नाई भेटनार."

बोलणं गावात गेलं. महिन्याभरात वरच्या आळीतल्या बायका एकेक घागर घेऊन वस्तीत यायला लागल्या. आधी म्हणायच्या, फक्त डाळीपुरतं. मग प्यायलाही नेऊ लागल्या, पोटाला हलकं लागतं म्हणून. एक दिवस विमलताई स्वतः आली आणि रांगेत उभी राहिली. तिचा नंबर आला तेव्हा इंदूबाईने दांडा हाती घेतला आणि हापसून तिची घागर काठोकाठ भरून दिली. एक थेंब सांडू दिला नाही. त्या संध्याकाळी धर्मपाल आणि ती, दोघंच ओट्यावर बसून कितीतरी वेळ हसत होती.

पुढच्या वर्षी संघदीप झाला.

त्याचे दुधाचे दात बरे होते. सातव्या वर्षी समोरचे दोन नवे दात आले ते खडूने रेघा मारल्यासारखे. वर्षभरात रेघा पिवळ्या झाल्या, मग चहाचा डाग वाळावा तशा तपकिरी. सहावीत असताना मास्तरांनी त्याला वर्गात उभं केलं आणि तोंड उघडायला लावलं. सगळ्यांसमोर विचारलं, "खर्रा कधीपासून खातो बे?" सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घासून केलेला खर्रा इकडे कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतो, मास्तरांच्या स्वतःच्या गालातही तेव्हा होता. निरोप घरी आला. इंदूबाईने पोराचे खिसे उलटे केले. काही सापडलं नाही, तेव्हा तिला आणखी राग आला, लपवायलाही शिकला म्हणून. तिने त्याला तुरीच्या काडीने झोडपलं.

"मी नाई खात, माय. तुही शप्पथ."

"मंग दात काहून असे झाले? आपोआप?"

मग रोज सकाळी तिने त्याचे दात स्वतः घासायला घेतले. राख आणि मीठ. त्याने काही होईना तेव्हा विटेचा चुरा. हिरड्यांतून रक्त यायचं, पोरगं डोळे मिटून उभं राहायचं, आणि डाग तसाच. दाताची वरची झिलई मात्र गेली. नंतर थंड पाण्याचा घोट घेतला तरी संघदीप कळवळायचा.

वस्तीतल्या बाकी पोरांचे दातही तसेच निघत होते. गावातल्या पोरांचेही. पोट्टे बिघडले, म्हातारे म्हणायचे, आमचे पाहा, या वयात कसे आहेत. पाण्याकडे कुणाचंच बोट गेलं नाही. ज्या पाण्यात डाळ इतकी सुरेख शिजते त्याच्याबद्दल शंका कोण घेणार? पुढे इंदूबाईला शाळेत खिचडी शिजवायचं काम लागलं, तेव्हा तिथेही तिने याच पाण्याची पिंपं भरून घेतली. डाळ लवकर शिजते, मुलं भुकेली राहत नाहीत.

मग तो दिवस. दोन हजार अकरा असेल. काही महिन्यांपूर्वी दोन माणसं बाटल्यांत पाणी भरून घेऊन गेली होती, ते सगळे विसरले होते. त्या दुपारी इंदूबाई शाळेतून परतली तर बोरिंगला तांबडा रंग फासलेला, आणि ओट्यावर ब्रशने लिहिलेलं: पिण्यास अयोग्य. रंगवणारे निघून गेले होते. ग्रामसेवक एवढंच म्हणाला की पाण्यात फ्लोराइड हाय. ते काय असतं, ते त्याला सांगता आलं नाही. किसनरावांच्या विहिरीवर मात्र निळी खूण होती. चांगलं पाणी.

वस्तीला यापुढे काही विचारायची गरजच वाटली नाही. श्रावण, इंदूबाईचा पुतण्या, तेव्हा तरणाताठा होता. तो म्हणाला, "आपलंच बोरिंग काहून लाल? यायले आपल्याले पुन्हा त्या विहिरीखाली उभं करायचं हाय. दुसरं काय?"

धर्मपाल ओट्यावर बसला होता. पाठ ताठ झालेली, मान वळत नव्हती. कुणाकडे बघायचं तर अख्खा देह फिरवावा लागायचा. त्याने तसाच देह फिरवून बायकोकडे पाहिलं.

"जाशीन का घागर घेऊन?"

ती उठली. घरातून रॉकेलची बाटली आणि जुनं धोतर आणलं आणि रंग पुसायला बसली. अक्षरं खुरप्याने खरवडली. उन्हं उतरेपर्यंत बोरिंग पूर्वीसारखं झालं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. तिच्या नखांत तो तांबडा रंग चार दिवस होता, आणि त्या हातांनी तिने शाळेत खिचडी वाढली.

धर्मपाल पाच वर्षांनी गेला. शेवटी शेवटी त्याला विहारात वाकून वंदन करता येत नव्हतं, उभ्यानेच हात जोडायचा. वय झालं, असंच सगळे म्हणाले.

संघदीप जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधायच्या कामाला लागला. ओठ मिटून बोलायची त्याला सवय झाली. त्याच्या लग्नाच्या एकाही फोटोत त्याचे दात दिसत नाहीत. ममता सून होऊन आली, बारावी शिकलेली, थेट बोलणारी. मैत्रेयी झाली. नातीला इंदूबाई बोरिंगचं पाणी तसंच द्यायची नाही. गावात एकदा हगवण आली तेव्हा आरोग्य खात्याच्या आशाताईने पाणी उकळून प्यायला सांगितलं होतं, ते तिने मनाशी घट्ट धरलं. चुलीवर पातेलं ठेवायची, पाणी आटून निम्मं होईपर्यंत उकळायची. "माह्या नातीले मी अमृत पाजतो," म्हणायची.

मैत्रेयी चार वर्षांची असताना शाळेत दातांचं शिबिर झालं. यवतमाळहून अर्पिता नावाची तरुण डॉक्टर आली होती. मुलांचे दात बघता बघता ती मध्येच उठली. मग बाहेर येऊन पालकांचे दात बघू लागली. खिचडीच्या भांड्यापाशी इंदूबाई उभी होती, शेजारी संघदीप आणि ममता.

"आजी, आ करा बरं." तिने टॉर्च मारला. "माहेर कुठलं तुमचं?"

"दारव्ह्याकडलं."

"या सूनबाई ना? ह्यांचं?"

"राळेगावच्या तिकडचं. दुसरंच गाव."

"आणि हे तुमचे चिरंजीव. ह्यांचा जन्म इथला." तिने संघदीपचा ओठ बोटाने वर केला. तो संकोचाने मागे सरला आणि म्हणाला, "मॅडम, मी खर्रा खात नाई."

"मला माहिती आहे. खर्र्याचा, तंबाखूच्या गुलाचा, चहाचा डाग वरून बसतो, दवाखान्यात साफ केला तर बराचसा निघतो. हा आतला आहे. दात हिरडीत तयार होत असतानाच पडलेला. कितीही घासा, दात झिजेल पण डाग जाणार नाही."

संघदीप जवळजवळ तीस वर्षांचा झाला होता. तू खर्रा खात नाहीस हे कुणीतरी त्याला पहिल्यांदा सांगत होतं. त्याने आईकडे पाहिलं नाही. बरं झालं पाहिलं नाही.

डॉक्टरने विचारलं, "बोअर कधी झाला इथे?"

"चौऱ्याण्णवले."

"त्याच्या आधी जन्मलेल्यांचे दात चांगले. नंतरच्यांचे असे. पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, आजी. लहानपणी पोटात गेलं की दात बिघडतात. वर्षानुवर्षं गेलं तर हाडं. पाठ, मान ताठ होते."

इंदूबाईने भांड्याची कड धरली.

"पन मी तर नातीले उकळून देतो."

"मिठाचं पाणी उकळलं तर मीठ उडून जातं का?"

"नाई."

"मग काय होतं?"

इंदूबाईचा सगळा जन्म चुलीपुढे गेला होता. तिला उत्तर यायला वेळ लागला नाही. "आनखी खारट होते," ती म्हणाली, आणि खाली बसली.

डॉक्टर तिच्याजवळ उकिडवी बसली. तिने समजावून सांगितलं की मैत्रेयीचे समोरचे पक्के दात हिरडीच्या आत आताच जवळजवळ घडून झाले असतील, त्यांचं जे व्हायचं ते झालं. मागचे मात्र आठव्या वर्षापर्यंत घडतात. आजपासून पाणी बदललं तर ते वाचतील, आणि हाडंही. पोरीला दूध द्या, पालेभाजी द्या, पेस्ट हरभऱ्याएवढीच लावा आणि गिळू देऊ नका. "पण मुख्य म्हणजे पाणी. बोअरवर लाल रंग दिला नव्हता का कुणी?"

"दिला होता," संघदीप जमिनीकडे बघत म्हणाला.

"मग?"

"मी पुसला," इंदूबाई म्हणाली.

त्या दिवशी घरी स्वयंपाक झाला नाही. ममताने पोरीला कडेवर घेतलं आणि सरळ विचारलं, "आता कोनतं पानी पाजू तिले?"

चांगलं पाणी जवळ एकच होतं.

"मी नाई जानार तथी," ममता म्हणाली. "बाबा तीन वर्षं कायले फिरले मंग?"

"तू नको जाऊ. मी जातो," इंदूबाई म्हणाली.

विमलताई गुडघ्यांनी अधू झाली होती, पडवीत खाटेवर बसून होती. विहिरीवर आता मोटर होती, मळ्याच्या कडेला टाकी आणि टाकीला नळ. ओतून द्यायची गरज कुणालाच उरली नव्हती. इंदूबाईने दारातूनच सगळं सांगितलं, डॉक्टर काय म्हणाली तेही. विमलताई ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे आमच्या धाकट्याचे, कपिलचे दात तुह्या पान्यानं गेले म्हन ना."

"व्हय."

"दोन सोयरिकी फिरल्या त्याच्या. पोरीवाले म्हनते, पोरगा व्यसनी दिसते. मी देवासमोर शपथा घेतल्या बाप्पा." ती थांबली. "तूच आलती ना वाटी घेऊन? पाहा, कशी डाळ शिजली."

"मीच."

"आन् मी बी मूर्ख, घागरी घेऊन पयत आली."

आत कुणीतरी भांडी घासत होतं.

"ने पानी," विमलताई शेवटी म्हणाली. "कोन नाई म्हनते? पन आमचं, गड्यायचं, साऱ्यायचं भरून झालं का मंग येत जाय. आधी नको येऊ."

ती सहज म्हणाली. आपण काय बोललो हे तिच्या लक्षातही आलं नसावं. इंदूबाईच्या पायाला मात्र पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा ओलावा लागला. परत फिरावं असं तिला वाटलं. पण घरी चार वर्षांची पोर होती, आणि तिच्या हिरड्यांच्या आत, कुणाला न दिसता, दात घडत होते.

"येतो," ती म्हणाली.

पौर्णिमेला विहारात वंदना संपल्यावर ती उभी राहिली आणि वस्तीला सगळं सांगितलं. रंग पुसल्याचं पुन्हा सांगितलं, जणू कुणाला माहीत नव्हतं. श्रावण आता चाळिशीकडे झुकलेला. त्याने तिला पुरतं बोलूही दिलं नाही.

"काकू, काकाची हाडं त्या बोरिंगपायी झिजली. आन् तुमी त्यायच्या टाकीवर जाता? ते बी शेवटी?"

"हाडं झिजली नाई रे. थिजली. त्याच पान्यानं."

"कोन म्हनते? डॉक्टर पाहाले आलती का काकाले?"

धर्मपालची पाठ पाण्याने गेली की वयाने, हे आता कुणीच सांगू शकणार नव्हतं. बावीस घरांतल्या तीन घरांनी पाणी बदललं. संघदीपने तांबड्या रंगाचा डबा आणला आणि मायलेकांनी बोरिंग पुन्हा रंगवलं. आठ दिवसांत कुणीतरी तो पुसला. कुणी ते इंदूबाईने विचारलं नाही. कसा पुसतात ते तिला माहीत होतं. शाळेत मात्र तिचं चाललं. हेडमास्तरांनी खिचडीसाठी टाकीचं पाणी आणवायची सोय केली. डाळ शिजायला दुप्पट वेळ लागतो, म्हणून ती आदल्या संध्याकाळीच भिजत घालते. वाढायला उशीर झाला की मुलं ताटल्या वाजवतात. ती बोलणी खाते, वाढते.

दोन वर्षं ती अशीच सगळ्यांच्या शेवटी टाकीवर जात राहिली. कधी गड्यांची आंघोळ व्हायची असायची, कधी बैल धुवायचे असायचे. टाकीच्या तळाचं गढूळ पाणी यायचं, कधी तेवढंही नाही. ज्या दिवशी पाणी मिळायचं नाही त्या दिवशी घरात दुपारपर्यंत भांडण व्हायचं, आणि पोर तहानली की शेजारच्या घरी जाऊन बोरिंगचा पेला पिऊन यायची. किती पेले गेले, याचा हिशोब कुणाकडे असणार?

या वर्षी, दिवाळी झाल्यावर, मैत्रेयीचा समोरचा दात पडला. महिन्याभरात नवा वर आला. एका सकाळी ती आरशाचा तुकडा घेऊन अंगणात आली आणि तोंड वर करून उभी राहिली. "आजी, पाह्य."

इंदूबाईने उजेडाकडे तोंड वळवून पाहिलं. दाताचं टोकच वर आलं होतं. त्याच्यावर खडूच्या आडव्या रेघा होत्या.

हे होणार हे डॉक्टरने सांगितलं होतं. सांगितलेलं असणं आणि पाहणं यात फार अंतर होतं. पोरीची हनुवटी तिच्या हातात होती.

"पांढरा हाय ना?" मैत्रेयीने विचारलं.

"हाय," इंदूबाई म्हणाली. मग जरा वेळाने, "पन त्याच्यावर डाग पडन. तुह्या बाबासारखा. तुही काई चूक नाई, कोनी काई म्हनलं तं हेच सांगजो."

"घासला तं?"

"नाई निघनार. घासू नको जोरानं."

मैत्रेयीने आरशात पुन्हा पाहिलं आणि तोंड मिटलं. अगदी तिच्या बापासारखं, ओठ घट्ट.

इंदूबाईने घागर उचलली. सकाळचे आठ वाजले होते, तिच्या वेळेला अजून दोन तास होते. मळ्यात टाकीसमोर रांग होती. विमलताईची सून निशिगंधा बादल्या मांडून बसलेली, तिच्यामागे दोन गडी, त्यांचे ड्रम. इंदूबाई त्यांच्या बाजूने चालत पुढे गेली. नळाखाली अर्धी भरलेली बादली होती. ती तिने उचलून बाजूला ठेवली आणि आपली घागर लावली.

"इंदूबाई, आमचं व्हाचं हाय ना अजून," निशिगंधा म्हणाली. आवाजात राग कमी, आश्चर्यच जास्त होतं.

"होऊ द्या."

"पन आईनं सांगितलं होतं तुमाले..."

"सांगितलं होतं. मी दोन वर्षं थांबली बी." इंदूबाईने नळ पूर्ण सोडला. "माह्या नातीचे मागचे दात नाई थांबून राह्यले, बाई."

गड्यांपैकी एकाने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. त्याचे दात तपकिरी होते. त्याने निशिगंधाकडे पाहिलं, निशिगंधाने घराकडे. पडवीतून विमलताईचा आवाज आला, "कोन हाय व नळावर?" घागर अर्धी झाली होती. इंदूबाई तिच्या काठावर हात ठेवून उभी राहिली, भरेपर्यंत.